वाचनालयासाठी दरवर्षीचा लोकसंगीत कार्यक्रम: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय सरकारी अनुदानावर कसंबसं चालतं. अ, ब, क, ड यांपैकी ज्या वर्गात ते बसतं, त्यानुसार पैसे येतात आणि ते पगार, वर्तमानपत्रं, थोडी पुस्तकं यांत संपतात. अभ्यासिका वाढवायची, जुन्या ग्रंथांची बांधणी करून घ्यायची, मुलांसाठी वेगळं दालन काढायचं, तर पैसा गावातूनच उभा राहतो. त्यासाठी दरवर्षी एक संध्याकाळ पोवाडा, गोंधळ आणि भारुडाची ठेवणं हा चांगला मार्ग आहे. मात्र एक गोष्ट पहिल्या बैठकीतच ठरली पाहिजे: मदत प्रेक्षक आणि जाहिरातदार करणार, कलावंत नाही. "चांगल्या कामासाठी आहे, थोडं कमी घ्या" असं हातावर पोट असलेल्या शाहिराला किंवा गोंधळ्याला सांगून वाचवलेले पैसे म्हणजे त्याच्याकडून सक्तीने घेतलेली वर्गणीच. असा कार्यक्रम दुसऱ्या वर्षी उभा राहत नाही, कारण ही बातमी कलावंतांमध्ये लगेच पसरते.

तारीख (सहा ते सात महिने आधी)

सभागृह कधी मोकळं आहे हे बघण्याआधी कलावंत कधी मोकळे आहेत ते बघा. नवरात्रात गोंधळी मिळत नाहीत. 19 फेब्रुवारीच्या आसपास शाहिरांच्या तारखा वर्षभर आधी गेलेल्या असतात. एप्रिल महिना आंबेडकरी जलसे आणि भीमगीतं गाणाऱ्यांचा. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा असतात, आणि तमाशाचे फड दसऱ्यापासून अक्षय्य तृतीयेच्या पुढेपर्यंत फिरतीवर असतात. भारूड करणारी वारकरी मंडळी आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या वाटेवर. बारावी आणि दहावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. त्या काळात घरात परीक्षार्थी असलेला प्रेक्षक येत नाही आणि आवाजाच्या तक्रारीही वाढतात.

तमाशाचा फड बोलवायचा नसेल, तर बाकी सगळं वगळल्यावर जानेवारी हाती राहतो. पाऊस नाही, हवा कोरडी असल्याने चामड्याची वाद्यं सुरात राहतात. संक्रांत सोडून एखादा शनिवार धरा आणि दरवर्षी तोच ठेवा, म्हणजे "जानेवारीचा तिसरा शनिवार" असं लोकांच्या तोंडी बसतं. वार्षिक कार्यक्रमाची निम्मी प्रसिद्धी तारखेच्या सवयीने होते.

कशासाठी पैसे हवेत ते एका वाक्यात

"वाचनालयाच्या मदतीसाठी" एवढं पुरत नाही. "अभ्यासिकेत 40 टेबल-खुर्च्या आणि दोन वर्षांचं वीजबिल" असं लिहा आणि त्याचा आकडा द्या. हेच वाक्य प्रवेशिकेवर, फलकावर, स्मरणिकेच्या पहिल्या पानावर आणि निवेदकाच्या कागदावर असलं पाहिजे. पुढच्या वर्षी लोक त्या खुर्च्या बघायला येतात, ही गोष्ट लक्षात ठेवून हेतू निवडा. डोळ्यांना दिसेल अशी वस्तू असेल तर दुसऱ्या वर्षीची जाहिरात मागणं फार सोपं जातं.

हिशोबाची चौकट

खर्च जाहिरातींतून आणि प्रायोजकातून आधीच निघाला पाहिजे, म्हणजे प्रवेशिका आणि देणग्या पूर्णपणे वाचनालयाला जातात. 450 खुर्च्यांच्या सभागृहासाठी नमुन्याची मांडणी देतो. दर तुमच्या गावाप्रमाणे बदलतील, प्रमाण मात्र साधारण असंच राहतं.

तीन पथकांचं मानधन 1,00,000 (नऊ जणांची शाहिरी 45,000, आठ जणांचं भारूड 30,000, सहा गोंधळी 25,000). प्रवास, जेवण, मुक्काम 25,000. ध्वनी 30,000, प्रकाश 15,000, सभागृह 20,000, प्रवेशिका आणि फलक 15,000, परवानग्या आणि किरकोळ 5,000, स्मरणिकेची छपाई 40,000. बेरीज 2,50,000. त्यावर दहा टक्के अनपेक्षित खर्चासाठी धरा: एकूण 2,75,000.

जमेला स्मरणिका. 48 पानांत पूर्ण पानाच्या 25 जाहिराती प्रत्येकी 5,000 आणि अर्ध्या पानाच्या 20 प्रत्येकी 3,000 म्हणजे 1,85,000. मुखपृष्ठामागचं आणि मलपृष्ठाच्या आतलं पान प्रत्येकी 15,000, मलपृष्ठ 25,000. एक मुख्य प्रायोजक 50,000. झाले 2,90,000. जाहिरातींची 35 पानं गेल्यावर मजकुराला 13 पानं उरतात. त्यात वाचनालयाचा वर्षाचा हिशोब आणि रंगमंचावर येणाऱ्या प्रत्येक कलावंताचं नाव, म्हणजे मागे उभं राहून झील (साथीचा सूर) धरणाऱ्यांचंही, छापा.

प्रवेशिका 500, 300 आणि 200 रुपयांच्या. निमंत्रितांच्या 40 खुर्च्या वगळून 100, 200 आणि 110 अशा विकल्या तर 1,32,000 होतात. अंदाजपत्रकात मात्र तीन चतुर्थांशच धरा, म्हणजे 99,000. कार्यक्रमाच्या दीड महिना आधीपर्यंत जाहिरातींचे निदान 60 टक्के पैसे बँकेत आले नसतील, तर तीनऐवजी दोनच पथकं बोलवा. पैसे येतील या भरवशावर तिसऱ्या पथकाला शब्द देऊ नका.

500 ही वरची मर्यादा उगाच नाही. संगीत कार्यक्रमाचं तिकीट माणशी 500 रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. लोककला सादर करणाऱ्या कलावंताच्या मानधनावरही दीड लाखापर्यंत जीएसटी नाही. ध्वनी, मंडप यांच्या बिलांतून टीडीएस किती कापायचा ते संस्थेच्या सीएला बिल येण्याआधी विचारा, नाहीतर कापायचा राहिलेला कर संस्थेच्या खिशातून जातो.

प्रवेशिका आणि देणगी यांची गल्लत

आपल्याकडे तिकिटाला "देणगी प्रवेशिका" म्हणायची पद्धत आहे. नाव काहीही द्या, पैसे देणाऱ्याला खुर्ची मिळाली की ते तिकीट झालं. त्यावर आयकर सवलतीची (80-जी) पावती देता येत नाही. जाहिरातीचंही तेच. 80-जीची पावती फक्त मोबदल्याशिवाय दिलेल्या रकमेची, तीही संस्थेला ती मान्यता असेल तरच, आणि रोख असेल तर 2,000 रुपयांपर्यंतच. म्हणून तीन वेगळी पावतीपुस्तकं हवीत: प्रवेशिका, जाहिरात, देणगी. तिन्ही वेगळ्या रंगांत छापा, गर्दीत हात चुकत नाही.

प्रवेशिका 25-25च्या पुस्तिकांत, स्थळप्रतीसह. कोणती पुस्तिका कोणी नेली याची सही एका वहीत घ्या. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी सगळ्या पुस्तिका परत मागवा, विकलेल्या आणि न विकलेल्या दोन्ही. ज्यांच्याकडून पुस्तिका परत येत नाही, त्यांच्याकडे बहुतेक वेळा पैसे अडकलेले नसतात, न विकलेल्या प्रवेशिका पडून असतात, आणि त्या खुर्च्या त्या संध्याकाळी रिकाम्या दिसतात. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच असावा. खजिनदाराच्या स्वतःच्या खात्यावर एक रुपयाही घेऊ नका, तो कितीही सचोटीचा असला तरी.

गावचे बरेच जण परदेशात असतात आणि मनापासून मदत पाठवू बघतात. ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी बँकेमार्फत पाठवलेली देणगी घेता येते. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतलं, त्यांची देणगी ही परकीय देणगी ठरते, मग ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असो वा नसो. संस्थेची एफसीआरए (परकीय देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी नसेल तर ती नम्रपणे नाकारा.

कार्यक्रम वाचनालयाची नोंदणीकृत संस्था स्वतः करत असेल तर ठीक. गावातली मित्रमंडळी किंवा नोंदणी नसलेलं मंडळ वाचनालयासाठी पैसे गोळा करणार असेल, तर धर्मादाय आयुक्तांची कलम 41-क खालची परवानगी आधी लागते. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी घेतात तीच.

कलावंत शोधणं आणि ठरवणं (पाच महिने आधी)

यूट्यूबवरचा व्हिडिओ बघून ठरवू नका, तो बरेचदा स्टुडिओत केलेला असतो. एखाद्या गावच्या कार्यक्रमाला जाऊन समोर बसून ऐका. वाघ्या-मुरळी ऐकायची तर जेजुरी, गोंधळी शोधायचे तर तुळजापूर, कोल्हापूर, माहूर, आणि तमाशाचे फड ठरवायला नारायणगाव. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि जत्रा कमिट्या सुपारी द्यायला येतात. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत शिकलेले तरुणही चांगले आहेत. आपल्याच तालुक्यातले कलावंत आधी बघा. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधन योजनेचे अर्ज पंचायत समितीतून पुढे जातात, तिथे चौकशी केली तर शेजारच्या गावातला विसरलेला भेदिक (कूटप्रश्नांची कवनं गाणारा) शाहीर सापडू शकतो.

बोलणी करताना पाच गोष्टी कागदावर आणा. किती माणसं येणार. मानधन किती आणि त्यात प्रवास धरलेला आहे का. इसार किती (तिसरा हिस्सा ठीक). उरलेली रक्कम कधी: त्याच रात्री, गाडीत बसण्याआधी. आणि पैसे पथकप्रमुखाला द्यायचे की प्रत्येकाला वेगळे. "हिशोब झाला की पाठवतो" हे वाक्य कधीही वापरू नका. कलावंताचं मानधन तुमच्या जमेवर अवलंबून नाही.

प्रेक्षकांतून येणारं बक्षीस कोणाचं, हेही आधीच ठरवा. पोवाडा रंगला की कोणी ना कोणी उठून शंभराची नोट शाहिराच्या हातात देतं. ती शाहिराची. ती "वाचनालयाला जमा" म्हणून काढून घेणं फार वाईट दिसतं. देणगीची पेटी दाराशी वेगळी ठेवा, म्हणजे लोकांचाही गोंधळ होत नाही.

कलावंतांनी कमी वेळात काय करायचं हा सगळ्यांत नाजूक प्रश्न आहे. गोंधळ आणि जागरण रात्रभर चालणारी विधिनाट्यं आहेत, आणि तुम्ही त्यांच्याकडे पाऊण तास मागताय. गण, आवाहन, आख्यान, आरती यांतलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे त्यांनाच ठरवू द्या, पण दोन महिने आधी विचारा. काही गोंधळी चौक (पूजेची मांडणी) मांडून, कलश ठेवून केलेली पूजा रंगमंचावर करायला तयार नसतात, काहींना चौकाशिवाय गाणंच मान्य नसतं. दोन्ही बरोबर आहेत. चौक मांडला जाणार असेल तर रंगमंचावर कोणीही चपला घालून जाणार नाही, सत्काराला येणारे पाहुणेसुद्धा, याची जबाबदारी एका माणसावर द्या.

गाण्यांचे हक्क

एकनाथांचं भारूड कोणीही गाऊ शकतं. नव्या रचनांचं तसं नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे किंवा ज्यांनी ते विकत घेतले त्यांच्याकडे राहतात. पठ्ठे बापूराव 1945 मध्ये गेले, त्यांच्या लावण्या मोकळ्या आहेत. अण्णाभाऊ साठे 1969 मध्ये गेले, त्यांच्या रचनांवरचे हक्क 2029 संपेपर्यंत आहेत. पथकाकडून गाण्यांची यादी लेखकाच्या नावासह मागवा. चित्रपटगीत किंवा अलीकडची रचना असेल तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा) परवाना घ्या. "धर्मादाय कार्यक्रमाला परवाना लागत नाही" असं सर्रास सांगितलं जातं. कायद्यातली सूट हौशी मंडळींच्या विनातिकीट कार्यक्रमाला किंवा धार्मिक संस्थेसाठी केलेल्या कार्यक्रमाला आहे. तिकीट लावून वाचनालयासाठी केलेला कार्यक्रम त्यात बसत नाही.

चित्रीकरण करून इंटरनेटवर टाकायचं असेल तर ती वेगळी परवानगी आणि वेगळा मोबदला.

परवानग्या (किमान महिनाभर आधी)

पोलीस ठाण्याचा ध्वनिक्षेपक परवाना आणि ना-हरकत, मैदान असेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचं पत्र, तात्पुरत्या जोडणीसाठी महावितरणचा अर्ज. उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. जिल्हाधिकारी वर्षातले जे दिवस जाहीर करतात, तेवढ्यांतच 12 पर्यंत सूट मिळते. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून 100 मीटरपर्यंतचा परिसर शासनाने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. शाळेचं मैदान फुकट मिळतंय म्हणून घेतलं आणि परवाना नाकारला गेला, हे हमखास घडतं. बंदिस्त सभागृहाला रात्रीच्या बंदीतून सूट आहे, तरी कार्यक्रम साडेनऊला संपेल असाच बांधा. खेड्यातल्या प्रेक्षकाची शेवटची एसटी त्याच सुमाराला असते.

आवाज: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

लग्न आणि ऑर्केस्ट्रा करणारा ध्वनीवाला चार गायकांचे माइक लावतो, बासचा आवाज वाढवतो आणि मोकळा होतो. लोकवाद्यांना ते चालत नाही. त्याला आधीच बसवून प्रत्येक पथकाची मांडणी कागदावर काढून द्या.

शाहिरी पथकाला शाहिराला एक, झीलकऱ्यांना दोघांत एक असे दोन, डफाला एक, ढोलकीच्या दोन्ही पुड्यांना एकेक, पेटीला एक आणि तुणतुण्याला एक. असे आठ. तुणतुण्याचा माइक बहुतेक ठिकाणी गाळला जातो, कारण ध्वनीवाल्याला ते शोभेचं वाटतं. एका तारेचं ते वाद्य खरं तर पथकाचा षड्ज (मूळ सा) धरून असतं. झीलकरी त्यावरून सूर पकडतात. ते ऐकू आलं नाही की पोवाड्याच्या तिसऱ्या चौकापर्यंत (कडव्यांच्या गटापर्यंत) झील अर्ध्या सुराने उतरते, आणि मग दोष बिचाऱ्या गाणाऱ्यांना मिळतो. लाकडी डब्यापासून चार-पाच इंचांवर छोटा क्लिपचा माइक लावा आणि तो आवाज रंगमंचावरच्या मॉनिटरमध्ये (कलावंतांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) झीलकऱ्यांकडे आधी पाठवा, बाहेर नंतर.

गोंधळ्यांच्या संबळाचं उलटं आहे. तो कमरेला बांधून, उभं राहून, काठ्यांनी वाजवतात, आणि बंद सभागृहात तो माइकशिवायही कान फोडू शकतो. उंच स्टँडवर, वाद्याच्या दीड फूट वर एकच माइक ठेवा. मॉनिटरमध्ये संबळ अजिबात देऊ नका. भारूड करणारा सोंग घेऊन रंगमंचभर फिरतो, त्याला हातातला माइक अडचणीचा. डोक्याला लावायचा बिनतारी माइक आणि त्याचे दोन जादा सेल तयार ठेवा. मुंडासं किंवा लुगडं माइकवर घासलं की खरखर येते, म्हणून पूर्ण पोशाखातच एकदा आवाज तपासा.

शिट्टी येण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: गायकाच्या माइकची पाठ मॉनिटरकडे नसते. आवाज कमी करण्याआधी मॉनिटर फिरवून बघा.

चामड्याची वाद्यं हवेनुसार बदलतात. दमटपणात उतरतात, वातानुकूलित हवेत चढतात. म्हणून आवाजाची तपासणी एसी सुरू करून, अर्धा तास थांबून मगच. डफ आणि हलगी वाजवण्याआधी जाळावर शेकतात. सभागृहात जाळ करता येत नाही, तर मागच्या उघड्या अंगणात जागा द्या, वाळूची बादली ठेवा, आणि वाद्य थंड होण्याआधी रंगमंचावर पोहोचेल एवढं अंतर असू द्या. ते शक्य नसेल तर 500 वॉटचा हॅलोजन दिवा मागे लावून द्या. त्यावर वेळ जास्त जातो, म्हणून वादकाला क्रम पंधरा मिनिटं आधी कळवा.

दिवे आणि ध्वनी वेगवेगळ्या फेजवर घ्या, आणि अर्थिंग तपासा. डिमर आणि मिक्सर एका फेजवर आले की संध्याकाळभर गुणगुण ऐकू येते. अशा कार्यक्रमाला 25 केव्हीएचा जनरेटर पुरतो. तो वाऱ्याच्या दिशेने लांब, प्रेक्षकांच्या मागे नको.

गोंधळाची दिवटी (मशाल) ही खरी आग आहे. सभागृहाच्या व्यवस्थापकाची लेखी परवानगी, अग्निशामक नळकांडं विंगेत आणि ते चालवता येणारा माणूस शेजारी. कृत्रिम धाग्याचे पडदे दिवटीपासून सहा फूट लांब. परवानगी नाकारली तर गोंधळ्यांना आदल्या आठवड्यात सांगा. रंगमंचावर चढताना सांगितलं तर त्यांचा अपमान होतो.

त्या दिवशीचा क्रम

पथकं दुपारी 2 पर्यंत, जेवण तयार. स्त्री-कलावंतांसाठी आतून कडी लागणारी वेगळी खोली आणि आरसा. सर्वांत मोठ्या पथकाची आवाज-तपासणी शेवटी करा, म्हणजे त्यांची मांडणी तशीच ठेवून त्यांनाच पहिलं सादर करता येतं. 6 ला दीपप्रज्वलन, 10 मिनिटं. मग शाहिरी 50 मिनिटं, भारूड 40, मध्यंतर 15, गोंधळ 45. पथक बदलायला प्रत्येक वेळी आठ-दहा मिनिटं जातात, ती क्रमात लिहा.

भाषणं कार्यक्रम मारतात. सत्कार तीनच, आणि ते मध्यंतराआधी. मदतीचं आवाहन मध्यंतरानंतर लोक परत बसले की, गोंधळ सुरू होण्याआधी, चार मिनिटं. ते अध्यक्षांनी नको, अभ्यासिकेत बसणाऱ्या एखाद्या मुलीने किंवा ग्रंथपालाने करावं. रक्कम आणि वस्तू सांगावी: "एक टेबल-खुर्ची 3,500 रुपयांची." त्याच वेळी सहा स्वयंसेवक देणगीची पावतीपुस्तकं आणि क्यूआर कोड घेऊन रांगांमध्ये उभे असावेत. आवाहन झालं आणि पावती द्यायला कोणी नाही, तर "नंतर देतो" म्हणणाऱ्यांतले फार थोडे नंतर देतात.

रोख मोजायला नेहमी दोघं, बंद खोलीत, आणि दोघांच्या सह्या.

नंतरचे पंधरा दिवस

दुसऱ्या दिवशी सगळी रोख जशीच्या तशी बँकेत भरा. तिच्यातून मंडपवाल्याचं बिल भागवू नका, बिलं चेकने. पंधराव्या दिवशी जमा-खर्च वाचनालयाच्या फलकावर लावा: कलावंतांना किती, ध्वनीला किती, वाचनालयाला किती. जाहिरातदारांना स्मरणिकेची प्रत आणि हाच हिशोब हातात नेऊन द्या. शिलकीतले 25,000 पुढच्या वर्षीच्या इसारासाठी आणि सभागृहाच्या अनामतीसाठी वेगळ्या नोंदीने बाजूला ठेवा, आणि फलकावर तेही लिहा. पुढच्या जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारचं सभागृह त्याच आठवड्यात आरक्षित करा.